जुन्या घराचं माप

मी चिडकी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी "अगंबाई, सासऱ्यांना एवढं बोलली?" असं म्हणायला नको. दिवसभर लोकांच्या खांद्याकमरेची मापं घ्यायची, त्यांनी आणलेलं अपुरं कापड पुरवून पुरवून वापरायचं आणि वर "कालच देणार होतात ना?" हे ऐकून घ्यायचं. माझ्या जागी कुणीही असतं तरी राग त्याच्या नाकावरच बसला असता.

घरात आम्ही तिघं. मी, नवरा आणि माझे सासरे. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. सासऱ्यांना आम्ही दोघंही बाबा म्हणतो. बाबा तेहतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होते, आणि ते आंधळे आहेत. दृष्टी विशीत गेली. आंधळा हा शब्द त्यांचाच. कुणी आडवळणानं "काकांना जरा कमी दिसतं का?" असं विचारलं तर म्हणतात, "जरा कमी नाही हो, अजिबातच दिसत नाही. उगाच माझी किंमत कमी करू नका."

आमचं आधीचं शहर अवाढव्य होतं. त्यात आमच्या वाट्याला तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आल्या होत्या. बाहेरची खोली अकरा फूट बाय नऊ. तिथेच पलंग, तिथेच जेवणाचं टेबल, तिथेच बाबांची खुर्ची आणि खिडकीशी माझी पायाची मशीन. कापड बेतायला मी पलंगावर गुडघे टेकायचे. चौदा वर्षं मी एकच गोष्ट मागत होते, आठ फुटांचं टेबल. उभं राहून कापड कापता येईल असं, बस. दागिने मागितले असते तर नवऱ्यानं कदाचित आणलेही असते, पण टेबल ठेवायला जागा कुठून आणणार बिचारा?

आणि मग त्याच्या कंपनीनं विचारलं. एक मध्यम आकाराचं शहर आहे, धड मोठं नाही, धड लहान नाही. तिथल्या सगळ्या लिफ्ट तुझ्या ताब्यात देतो, जातोस का? नवरा घरी आला तो पायऱ्या दोन दोन चढतच.

मी म्हटलं, असं हुरळून जायचं नाही. मापं घेतल्याशिवाय मी कात्री लावत नाही. बेतायचा खाकी कागद टेबलावर पसरला, मधोमध रेघ मारली. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. नवरा भराभर सांगत सुटला आणि मी लिहीत गेले. मोठं घर. कामावर जायला दहा मिनिटं. हवा चांगली. तो दुपारी जेवायला घरी येऊ शकेल. हे शेवटचं मी फायद्यात लिहिलं खरं, पण तेव्हाच जरा शंका आली होती. तोट्यात लिहिलं, माझी गिऱ्हाइकं जातील. ओळखीचं कुणी नाही. मोठी दुकानं नाहीत. चांगला डॉक्टर आहे की नाही, देव जाणे.

"बाबा, तुमचं काय लिहू?" मी विचारलं.

ते खुर्चीत बसून पांढरी काठी पुसत होते. "माझं काय? मला इथलंही दिसत नाही आणि तिथलंही दिसणार नाही. मोठं घर म्हणतोस ना रे? मग तेच माझंही. फायद्यात लिही."

मी "बरं" म्हटलं, पण माझा हात उजवीकडे गेला. तिथे मी बारीक अक्षरात लिहिलं, "बाबांचे रस्ते."

कारण त्या शहरात बाबा रोज संध्याकाळी सहाला एकटे बाहेर पडायचे. जिना उतरून डावीकडे, इस्त्रीवाल्याच्या गरम वाफेशी उजवीकडे, मग औषधाच्या दुकानातला तो करकरणारा पंखा, मग बसचे ब्रेक, आणि दोनशे बारा पावलांवर चौकातला पेपरवाला. त्याच्याकडून दिवसभराच्या बातम्या ऐकायच्या, त्यावर त्याच्याशी भांडायचं आणि साडेसातला घरी. ऊन असो, थंडी असो, यात बदल नाही. कुणी त्यांचा हात धरायचं नाही. त्या शहरात कुणाला कुणाकडे बघायला वेळ होता कुठे? मी त्या गर्दीला रोज शिव्या घालायचे, आणि बाबा त्या गर्दीतून छाती पुढे काढून चालायचे.

शेवटी जायचं ठरलं. डावी बाजू लांब होती म्हणून ठरलं, दुसरं काय!

पण "बाबांचे रस्ते" माझ्या डोक्यातून जाईना. रस्ते तर आपण उचलून नेऊ शकत नाही. मग मी म्हटलं, निदान घर तरी नेऊ. एका संध्याकाळी बाबा पेपरवाल्याकडे गेले असताना मी टेप घेतली आणि सगळी खोली मापली. पलंगाच्या कडेपासून टेबलापर्यंत एकतीस इंच. टेबलापासून खुर्ची चोवीस. खुर्चीपासून स्वयंपाकघराचं दार अठ्ठावन्न. भिंत, कपाट, मशीन, चपलांची फळी, पाण्याचा माठ, एकूण एक. त्याच खाकी कागदाच्या पाठीमागे मी पूर्ण खोलीचा नकाशा काढला, आणि खांद्याचा उतार जितक्या काळजीनं काढते तितक्याच काळजीनं काढला. नवरा म्हणाला, "तू शिवणवाली का झालीस? माझ्या कंपनीत ये."

नवीन घर पहिल्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही, आता लिफ्टवाल्याच्याच घराला लिफ्ट नसावी, याला काय म्हणावं? पण बाहेरची खोली पाहिली आणि मी दारातूनच टेप काढली. रुंदी जुन्याइतकीच, पण लांबी वीस फूट, आणि दोन मोठ्या खिडक्या. माझं टेबल मला तिथे डोळ्यांसमोर दिसलं.

आणि आम्ही काय केलं? त्या खोलीत जुनी खोली उभी केली. मी टेप धरली, नवऱ्यानं सामान ओढलं. जिथे जुनी भिंत असायची तिथे दोन कपाटं आणि पुस्तकांची मांडणी एकमेकांना खेटून उभी केली. पलंग ते टेबल एकतीस इंच. टेबल ते खुर्ची चोवीस. जुन्या घरात पंख्याचं बटण होतं त्या उंचीवर नवऱ्यानं नवीन बटण बसवून घेतलं. कपाटांच्या पलीकडे नऊ फुटांची मोकळी जागा उरली, एक खिडकीही तिकडेच गेली. तिथे आम्ही रिकामी खोकी टाकली. तिकडे जायला तिरकं होऊन शिरावं लागायचं. आठ फुटांची फळी तिथून जाणं शक्यच नव्हतं.

बाबांना हे सांगायचं नाही, असं आमचं ठरलं. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, माझ्यापायी तुम्ही कशाला अडचणीत राहता? म्हणून नवऱ्यानं त्यांना हात धरून आत आणलं आणि दारातूनच म्हणाला, "बाबा, घर अगदी आपल्यासारखंच मिळालं. इंचाचा फरक नाही."

बाबा उंबऱ्याशी क्षणभर थांबले. मग चार पावलं टाकली, हात पुढे केला, खुर्ची बरोबर हाताला लागली. "वा," एवढंच म्हणाले.

मी नवऱ्याकडे पाहिलं. आम्हाला वाटलं, जिंकलो.

शहराबद्दल म्हणाल तर वाईट म्हणण्यासारखं काहीच नव्हतं. रस्ते रुंद, झाडं, शांतता. इतकी शांतता की माझी मशीन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत ऐकू जायची. दुकानदार विचारायचा, "काल दुपारी काम नव्हतं वाटतं? मशीन ऐकू आली नाही." अहो, आम्ही कधी शिवतो, कधी झोपतो, याची हजेरी ठेवणार का तुम्ही? आधीच्या शहरात मी मेले असते तरी खालच्या मजल्यावर चार दिवसांनी कळलं असतं, आणि इथे मला शिंक आली तर समोरून औषध येतं. माणसं मायाळू हो, खरंच मायाळू. गिऱ्हाइकंही पटापट मिळाली. फक्त माप द्यायला आलेली बाई तास तास उठायची नाही, हा एक ताप. आणि नवरा रोज दुपारी जेवायला यायचा. तो फायदा मी पंधरा दिवसांतच तोट्यात टाकला.

पण बाबा बाहेर एकटे गेले नाहीत.

पहिल्या आठवड्यात मी त्यांना रोज संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत न्यायचे. दुकानदार दुकान सोडून धावत यायचा, "काका, सावकाश," म्हणून त्यांचा दुसरा हात धरायचा. शाळेतल्या एक शिक्षिका रस्ता ओलांडून यायच्या, काठी त्यांच्या हातातून काढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आता मी आहे ना." बाबा हसून "आभारी आहे" म्हणायचे. मला बरं वाटायचं. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस म्हणाले, "आज नको. पाय दुखतात." दुसऱ्या दिवशी ऊन होतं. तिसऱ्या दिवशी काही कारणच सांगितलं नाही. मग काठी दाराजवळच्या खिळ्यावर लटकली ती लटकलीच. दुसऱ्या महिन्यात मला काठीवरची धूळ पुसावी लागली.

ते खुर्चीत बसून राहायचे. रेडिओ लावायचे, बंद करायचे. खोलीत बरोबर मोजून पावलं टाकायचे, कुठेही धडकायचे नाहीत. आमचं माप तंतोतंत होतं. मला मात्र रोज संध्याकाळी सहा वाजले की धडकी भरायची. वाटायचं, या माणसाला आपण चालता चालता उचललं आणि खुर्चीत आणून बसवलं. आता हा उठायचा नाही. आणि ते घडवलं कुणी? माझ्या टेबलाच्या हावेनं. ते टेबल तर आलंच नाही, पण हाव माझीच होती.

म्हणून मी गोड वागायला लागले. मी! "बाबा, चहा आणू का? बाबा, पाठीशी उशी देऊ का? बाबा, रेडिओ मोठा करू का?" एकदा त्यांनी चहा सांडला, तर मी म्हटलं, "असू दे हो, मी पुसते." नवरा ताटावरून मान वर करून माझ्याकडे बघतच राहिला.

मग आले ते पडदे.

समोरच्या इमारतीत डॉक्टरीणबाई राहतात. त्यांनी नव्या दवाखान्यासाठी आठ पडद्यांचं काम दिलं. एकेक पडदा नऊ फुटांचा, कापड भारी, त्यांनी कुठून तरी लांबून मागवलेलं. पलंग सहा फुटांचा. उरलेलं कापड जमिनीवर लोंबतं. वेळ वाचवायला मी चार पडद्यांचं कापड एकावर एक घातलं, गुडघे टेकले, खडू लावला आणि कात्री चालवली. खालचा भाग आपल्याच वजनानं सरकला होता, ते मला कळलंच नाही. उचलून पाहते तर चारही पडदे चार चार इंच आखूड. आणि चार इंच कापड कुठल्याही दुकानातून उसनं आणता येत नाही.

वीस वर्षांत माझ्या हातून असं कापलं गेलं नव्हतं. मी कात्री टाकली. ती टेबलाच्या पायावर आदळली.

"काय पडलं?" बाबांनी खुर्चीतून विचारलं. "लागलं का तुला?"

आणि मी फुटले. "लागलं? हो, लागलं! चौदा वर्षं एक टेबल मागतेय मी, एक टेबल! तेव्हा जागा नव्हती, गप्प बसले. आता जागा आहे! नऊ फूट जागा त्या कपाटांच्या मागे खोकी सांभाळत पडलीय, अख्खी खिडकी पडलीय, आणि मी अजून पलंगावर गुडघे मोडतेय! आणि हे सगळं कुणासाठी? जे घराबाहेर पाऊल टाकत नाहीत त्यांच्यासाठी! दोन महिने झाले, काठीला जाळी धरली! मग कशाला केलं आम्ही हे सगळं?"

बोलून गेले आणि जीभ चावली. मी मटकन पलंगावर बसले. आता हे रडतील, किंवा परत जाऊ म्हणतील, किंवा काहीच म्हणणार नाहीत. या तिन्हींत मला सर्वात जास्त भीती तिसऱ्याची होती.

बाबा हसायला लागले. आधी खांदे हलले, मग मोठ्यानं. "आलीस बाई एकदाची! दोन महिने होतीस कुठे?"

"म्हणजे?"

"म्हणजे मला वाटलं, आठवड्याभरात चिडशील. तुझा स्वभाव मला ठाऊक नाही का? म्हटलं, ही कपाटांना लाथ घालेल आणि सगळं खरं सांगेल. महिना झाला, तू चिडेचना. तेव्हा मी घाबरलो."

"तुम्हाला कपाटांचं माहीत होतं?"

"अगं, तेहतीस वर्षं टेलिफोनवर होतो मी. पलीकडचा माणूस खोलीत आहे की व्हरांड्यात, खोली भरलेली आहे की रिकामी, हे मला 'हॅलो' वरून कळायचं. तुझ्या नवऱ्यानं दारातून 'इंचाचा फरक नाही' म्हटलं ना, तेव्हा त्याचा आवाज त्या टोकाच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आला. आपल्या जुन्या घरात आवाजाला परत यायला जागा होती का?"

मी कपाळावर हात मारला. आम्ही इंच इंच मोजला आणि आवाज मोजायचा राहिला.

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी हात पुढे करून टेबलाची कड चाचपली. मग म्हणाले, "काय बोलू? दोघांनी जीव तोडून केलं होतं. म्हण आहे ना, आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मला सुनेनं चार दिले. तक्रार कुठल्या तोंडानं करू? पण पोरी, त्या घरात तू मला रोज ओरडायचीस. चपला आडव्या पडल्या म्हणून, उशीर केला म्हणून, पेपरवाल्याशी भांडून आलो म्हणून. इथे आलो आणि तू गोड बोलायला लागलीस. चहा आणू का, उशी देऊ का. अगं, मी इस्पितळात होतो. असं गोड कुणाशी बोलतात ते मला माहीत आहे."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी आवाज न करता पुसायला गेले, पण त्यांच्यापुढे काय लपणार?

"रडू नकोस, ऐक. त्या कागदावर तू माझं नाव उजव्या बाजूला लिहिलंस. पेन्सिल उजवीकडे खरखरली."

"नाव नाही, बाबा. तुमचे रस्ते लिहिले होते."

"तेच ते. तोटा होता ना तो? आणि माझा होता. मग तो मला सोसू द्यायचा की. मी लग्न झाल्यावर तुझ्या सासूबरोबर त्या शहरात आलो तेव्हा काय मला दोनशे बारा पावलं पाठ होती? पहिल्या वर्षी सतरा वेळा पडलो. एकाच खांबावर तीनदा आपटलो. पुढे त्या खांबाशी ओळख झाली. चुकलो म्हणून तर रस्ता कळला. इथे घरात तुम्ही मला धडकू देत नाही आणि बाहेर लोक चुकू देत नाहीत. एवढं मोठं घर, एवढे रुंद रस्ते, आणि मला चुकायला कुठे जागाच नाही."

"आणि पडलात तर?"

"तर पडलो. तुझी सासू मला उचलायला एकदाही खाली आली नाही. खिडकीत उभी राहून रडायची, हे तिनं मला वीस वर्षांनी सांगितलं."

तेवढ्यात नवरा जेवायला आला. आखूड पडदे, रडणारी बायको आणि हसणारा बाप पाहून दारातच थबकला. मी म्हटलं, "आधी ती कपाटं हलव." तो म्हणाला, "मी जेवायला आलोय की हमालीला?" पण हलवली. खोली उघडी पडली आणि पलीकडच्या खिडकीतून दुपारचं ऊन थेट बाबांच्या पायावर आलं. त्यांनी पाय मागे घेतला, पुन्हा पुढे केला आणि तसाच ठेवला.

डॉक्टरीणबाईंना मी जाऊन सरळ सांगितलं, कापलं चुकून. खाली वेगळ्या रंगाची पट्टी लावून देते, माझ्या खर्चानं. त्या म्हणाल्या, "बरं दिसेल उलट." मायाळूच माणसं.

आठवड्यात सुतारानं टेबल आणून बसवलं. आठ फूट, उंची माझ्या कमरेची. पहिल्या दिवशी बाबा त्याच्या पायाला तीनदा आपटले. नडगीवर टेंगूळ आलं. मी ओरडले, "टेबल आहे ते, रोज पळून जाणार आहे का? तीनदा तेच?" बाबा नडगी चोळत म्हणाले, "आता कसं घरासारखं वाटलं."

आणि मग एका संध्याकाळी सहाला त्यांनी काठी खिळ्यावरून काढली.

"मी येते," मी म्हटलं.

"नाही."

"लांबून येते. बोलणार नाही."

"तुझ्या चपला मला ओळखू येतात. नवऱ्याला पाठवलंस तर त्याच्या खिशातले पाने वाजतात. आणि फोन आहे माझ्याजवळ, पण तू करायचा नाहीस." ते जिना उतरले. मी खिडकीत गेले. कोपऱ्यावर दुकानदार नेहमीसारखा धावत आला. बाबांनी हात वर केला आणि इतक्या मोठ्यानं बोलले की मलाही ऐकू आलं, "शेठ, मला धरायचं नाही. मी विचारलं तर सांगायचं. नाही विचारलं तर चुकू द्यायचं." शेठ जागच्या जागी उभा राहिला. बाबा डावीकडे वळले. इथला पेपरचा स्टॉल तर उजवीकडे आहे. माझ्या तोंडून हाक निघतच होती, मी तोंडावर हात दाबला.

ते दिसेनासे झाले.

साडेसहा झाले. पावणेसात. दुसऱ्या एका शहरात एक बाई अशीच खिडकीत उभी राहायची, ती मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजली. मी तिला पाहिलेलंही नाही, मी लग्न होऊन आले तेव्हा ती गेली होती. पण ती खिडकीतून बघण्याशिवाय काही करू शकत नव्हती, कारण त्या गोंगाटात तिचा आवाज खाली पोचलाच नसता. इथे तसं नव्हतं. इथे माझी मशीन कोपऱ्यापर्यंत ऐकू जाते, हे शेठनंच मला सांगितलं होतं. मी खिडकी सताड उघडली, मशीनवर बसले आणि पाय मारायला लागले.

दोरा ओवला नव्हता. कापड घ्यायचंही सुचलं नाही. नुसती रिकामी मशीन, खडखडखडखड. पिंढऱ्या भरून आल्या तरी थांबले नाही. सात वाजले. नवरा आला, मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कापड कुठे आहे?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "तू गप्प बस." तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "मी बघून येऊ का?" मी म्हटलं, "नाही," आणि पाय मारत राहिले.

सात वाजून चाळीस मिनिटांनी जिन्यात काठी वाजली. मी हात लावून चाक थांबवलं.

बाबा दारात उभे. कोपरावर खरचटलेलं, एका बाजूची बाही धुळीनं माखलेली, आणि काखेत कागदात गुंडाळलेला गरम पाव. चेहरा असा की मी तो दोन महिन्यांत पाहिला नव्हता.

"दोनदा चुकलो," ते म्हणाले. "एकदा पडलो. पण मागच्या गल्लीत एक बेकरी आहे, माहीत होतं का तुम्हाला? दोन महिने राहताय आणि बेकरी माहीत नाही! तिथून निघालो तर दिशाच कळेना. सगळीकडे शांत. मग कोपऱ्यावर आलो आणि मशीन ऐकू आली. म्हटलं, चला, घर सापडलं."

मी त्यांच्या बाहीवरची धूळ झटकायला पुढे झाले.

"पण रिकामी मशीन चालवत होतीस तू," बाबा म्हणाले. पाव त्यांनी टेबलावर ठेवला, नव्या टेबलावर, चाचपडून नाही, नेमका. "कापड असलं की आवाज जाड येतो. हा नुसता दातांवर दात घासल्यासारखा होता. म्हटलं, माझी सून तिथे घाबरून बसलीय. कोपऱ्यापासून पाय उचलत आलो, म्हणून तर चौथ्या पायरीवर अडखळलो." ते माझ्या दिशेनं वळले. "रिकामी चालवली की कापड सरकवणारे दाते झिजतात मशीनचे, तूच सांगायचीस. उद्यापासून कापड घालून चालव. मी येईनच."

"येईनच म्हणे!" मी म्हटलं, आणि मग जी सुटले ती सुटलेच. ही काय वेळ झाली का, ही बाही कोण धुणार, पडलात ते सांगता कसे हसून, आणि चपला, त्या आडव्या पडल्यात त्या आधी सरळ करा. मी रडत होते आणि ओरडत होते, नवरा पाव कापत होता, आणि बाबा खुर्चीत मागे रेलून, माझा एक शब्द चुकू नये अशा बेतानं, मान कलती करून ऐकत होते.